खेड्यातील वीज आणि तिचे उत्तरदायित्व



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने विजेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. यंत्रशास्त्राचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु निपाणी-बेळगावच्या या टापूत सत्तरहून अधिक वर्षे काढलेला आणि आजही खेड्यातच राहणारा एक ग्राहक, या नात्याने मला काही सांगावयाचे आहे.

आरंभ शब्दापासून करतो. संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु' आणि मराठी 'वीज'. आभाळात क्षणभर चमकून नाहीशी होते ती वीज. तारेतून येणाऱ्या शक्तीलाही आपण तेच नाव दिले आणि आपल्या खेड्यांत तरी तिने आपला मूळ स्वभाव पुष्कळ काळ सोडला नाही. बोलण्यात मात्र आपण 'लाईट गेली' किंवा 'करंट गेला' असे म्हणतो. कन्नड शेजाऱ्याच्या तोंडीही 'करंट' हाच शब्द असतो. अंधार पडला की दोन्ही घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : कधी येणार?

दुसरा शब्द सरकारी आहे, 'विद्युतीकृत गाव'. त्याचा अर्थ वेळोवेळी बदलत गेला आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत ठरे. शिवारात एक पंप फिरला, तरी कागदोपत्री सारे गाव उजळत असे. त्या वर्षी ही वीज प्रत्यक्ष वस्तीत पोहोचली पाहिजे, अशी सुधारणा झाली. २००४ साली शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र यांसारख्या सार्वजनिक जागी आणि किमान दहा टक्के घरांत वीज हवी, असे ठरले. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील शेवटच्या गावात वीज पोहोचल्याची घोषणा झाली. यामागचे परिश्रम मोठे आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही. परंतु पोहोचलेली वीज दिवसाचे किती तास टिकते, हे या व्याख्यांपैकी एकीनेही विचारले नाही. माझे सारे म्हणणे या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

वीज का जाते, हे थोडे समजून घेऊ. आपला प्रदेश वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावर पोसलेला. तंबाखूच्या जोडीला ऊस आला आणि उसाबरोबर विहिरीवर, नदीवर मोटारी आल्या. घरातला दिवा आणि शिवारातली मोटार पुष्कळ ठिकाणी एकाच डीपीवर. तारेत होणारी विजेची नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर नासाडी चौपट होते. लांबच लांब तारेच्या टोकाला असलेल्या घरात म्हणूनच बल्ब निखाऱ्यासारखा दिसतो, आणि कमी दाबावर मोटार चालवली की ती जळते. रात्री केवळ सिंगल फेज ठेवला, तर कोणी तरी कपॅसिटर लावून थ्री फेजची मोटार त्यावरच ओढतो. मग फ्यूज उडतो आणि सारी गल्ली अंधारात जाते.

यात दुष्ट कोणी नाही. मार्च-एप्रिल हे उसाला पाणी देण्याचे दिवस आणि तेच दहावीच्या परीक्षेचे. बापाची मोटार आणि लेकाचा दिवा एकाच तारेवर एकमेकांसमोर उभे राहतात. ऊस वाळला तर वर्षाची मिळकत जाते, अभ्यास बुडाला तर मुलाचे वर्ष जाते. या दोहोंत निवड करण्याची पाळी कोणत्याही घरावर येऊ नये. कर्नाटक शासनाने 'निरंतर ज्योती' योजनेत घरांची आणि पंपांची वाहिनी वेगळी करण्यास सुरुवात केली, ती याचसाठी. आणि जेथे हे काम नीट झाले तेथे फरक पडला. मात्र मळ्यात वस्ती करून राहणारी कुटुंबे पुष्कळ ठिकाणी पंपांच्याच वाहिनीवर राहिली. गावठाण उजळले, तरी मळ्यातल्या मुलीने चार्जिंगच्या बॅटरीवर धडा वाचावा, अशी स्थिती उरली.

आता आपल्याच जिल्ह्यातील एका प्रयोगाकडे आपले लक्ष वेधतो. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी दहांपैकी सुमारे एकाच शेतघरात वीज होती. खाजगी कंपन्यांना खेडे परवडत नव्हते. तेव्हा शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन स्वतःच्या वीज सहकारी संस्था उभारल्या. त्या धर्तीवर भारतात १९६९ च्या सुमारास पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांतील एक आपल्या शेजारच्या हुक्केरी तालुक्यातली. संकेश्वरवरून जाताना ज्या तारा आपण पाहतो, त्यांच्यामागे ही संस्था आहे. वीज घाऊक विकत घ्यायची, तालुक्यात वाटायची आणि ग्राहकांनीच सभासद व्हायचे, अशी तिची रचना. पन्नास वर्षे उलटली, तरी ती टिकून आहे आणि तिच्या संचालक मंडळाची निवडणूक आजही चुरशीची होते.

त्याच पाचांतली महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा संस्था मात्र टिकली नाही. थकबाकीचा वाद वाढत गेला आणि २०११ मध्ये तिचे वितरणाचे काम महावितरणकडे गेले. म्हणून सहकार हा रामबाण उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. सहकारी तारेवरही झाडाची फांदी पडते. एवढेच म्हणतो की, वीज गेल्यावर ज्याला जाब विचारायचा, तो माणूस ग्राहकाच्या जितका जवळ आणि जितका ओळखीचा, तितका अंधार लहान होण्याचा संभव अधिक.

या संदर्भात सीमेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोल्हापूर आणि चिक्कोडी यांना जोडणारी उच्चदाबाची वाहिनी आपल्या भागातूनच जाते. तरीही महाराष्ट्र पश्चिम विभागीय जाळ्यात आणि कर्नाटक दक्षिण विभागीय जाळ्यात, अशी विभागणी कित्येक वर्षे होती, आणि दोन्ही जाळी एका ठेक्यावर चालत नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने ती एका तालावर आणली. १९५६ पासून माणसांना न सुटलेला प्रश्न तारांनी आपल्यापुरता सोडवला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

माणसांच्या बाजूला मात्र एक अडचण शिल्लक आहे. आमच्या गावात येणारे बिल आणि सूचना कन्नडमध्ये असतात. वृद्ध मराठी ग्राहकाला ते वाचता येत नाही, म्हणून तक्रारही लिहिता येत नाही. ते वाचून दाखवतो शाळेतला नातू, कारण तो दोन्ही लिप्या शिकतो. ज्या भाषेत तक्रार करता येत नाही, त्या भाषेतला हक्क म्हाताऱ्या माणसाला अर्धाच मिळतो. २००३ च्या वीज कायद्याने तक्रार निवारण मंच आणि विलंबाबद्दल भरपाई, या दोन्ही गोष्टी दिल्या आहेत. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी अखंड पुरवठ्याचे तत्त्वही मान्य केले. परंतु हे हक्क मागितल्याखेरीज मिळत नाहीत आणि मागायला पुरावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी तुमच्यापाशी एक मागणे आहे. प्रत्येक गावातल्या दोघा-तिघांनी मिळून एक वही ठेवावी. वीज कोणत्या दिवशी, किती वाजता गेली, किती वाजता आली, डीपी जळाला तर किती दिवसांनी बदलला, एवढेच लिहावे. शेरे नकोत, रागही नको. शिक्षकांनी ती महिन्याकाठी तपासावी आणि सहा महिन्यांनी पंचायतीमार्फत, कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत, संबंधित कार्यालयाकडे पाठवावी. लाईनमन हाही आपल्यासारखाच खेड्यातला माणूस. भर पावसात खांबावर चढताना त्याचा जीव धोक्यात असतो. त्याच्याशी भांडू नये. त्याला पुरेसे सोबती आणि साहित्य का मिळत नाही, हेही त्याच वहीतून विचारावे.

१ जुलै २०२३ पासून कर्नाटकात दरमहा दोनशे युनिटपर्यंत घरगुती वीज विनामूल्य मिळू लागली. गरिबाच्या घराला याने आधार मिळाला, यात शंका नाही. तथापि फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी तक्रार करायला माणूस संकोचतो. तो संकोच आपण बाळगू नये. बिल शून्य असले, तरी आपण ग्राहकच आहोत.