वॅगन हलली, पण माल मोजला का?

(जबलपूर येथे रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर मोठा जड दिसतो : व्हर्च्युअल मशीनचे क्लाउडवर स्थलांतर. मी मॅट्रिक झालेला माणूस. पण जबलपूरच्या कामगाराला हा विषय जड जाण्याचे कारण नाही. २०१५ पर्यंत इथून नैनपूरकडे छोटी लाईन चालत होती, ती पुढे गोंदियाला जाई. छोट्या लाईनचा माल मोठ्या लाईनवर न्यायचा म्हणजे हमालांनी एकेक पोते उतरवायचे, मोजायचे आणि दुसऱ्या वॅगनमध्ये चढवायचे. पोते फुटायचे, माल कमी भरायचा, मग दाव्यांची भानगड. पुढे कंटेनर आले. माल न उतरवता अख्खी पेटीच क्रेनने उचलू लागले.

संगणकात हेच घडले. पूर्वी बहुधा एका कामाला एक सर्व्हर असे. आता एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरच्या जोरावर अनेक संगणक वेगवेगळे चालवतात. प्रत्येकाला वाटते, यंत्र माझ्या एकट्याचे. हेच व्हर्च्युअल मशीन. त्याचा कार्यक्रम, नोंदी, मांडणी हे सारे फायलींच्या रूपात असते. म्हणून ते कंटेनरसारखे उचलून दुसरीकडे ठेवता येते. आणि क्लाउड काही आकाशात नसतो. तीही कुठल्या तरी इमारतीतली यंत्रेच. वापराल तेवढे भाडे भरायचे.

हलवण्याची रीत अशी. जुने यंत्र चालू असतानाच त्याची नक्कल नव्या जागी काढतात. तेवढ्या वेळात झालेले बदल पुन्हा पाठवतात. शेवटी थोडा वेळ काम थांबवून उरलेले बदल नेतात आणि सांधा बदलतात. नव्या पॅनेलसाठी आपल्याकडे नॉन-इंटरलॉकिंगचे काम चालते, ते आठवा. पॉइंट न् पॉइंट, सिग्नल न् सिग्नल तपासल्याशिवाय कोणी नवे पॅनेल चालू करू देतो का? मग माणसांच्या नोंदी हलवताना ती शिस्त का नको?

पेटी न उचलता माल नव्या वॅगनमध्ये भरण्याची रीतही आहे, आणि ती जास्त जोखमीची. डाक खात्याने २०१३ मध्ये नवी मुंबईत डेटा सेंटर उघडले. पुढे खात्याने स्वतःची नवी प्रणाली तयार केली, ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी, म्हणजे एपीटी. ती मेघराज २.० या सरकारी क्लाउडवर ठेवून ४ ऑगस्ट २०२५ रोजी देशभर लागू झाली. बदलासाठी टप्प्याटप्प्याने त्या त्या कार्यालयांतले व्यवहार एक दिवस बंद ठेवले गेले. आमच्याकडेही तेच येत आहे. आरक्षणाची २०१० ची प्रणाली इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवर उभी होती. ती बदलून क्लाउडला जुळेल अशी करायची, असे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. आपले सर्व्हिस रेकॉर्ड आणि पास क्रिसच्या एचआरएमएसवर गेलेच आहेत.

बंधूंनो, हा बदल वाईट असे मी म्हणत नाही. जुने यंत्र जळाले आणि सुटा भाग मिळेना, तर रांगेतल्या माणसाच्या शिव्या काउंटरवरचा कारकूनच खातो. माझा प्रश्न एवढाच : माल कोणी मोजला?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी प्रणाली थांबल्या. टपाल कार्यालयांची बँकसेवा आणि पार्सलचे कामही अडले. सरकारी नोकरांच्या फायली ठेवण्याची ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली, कारण तिची नक्कल दुसरीकडे ठेवलेलीच नव्हती. इतका पुढारलेला देश, आणि दुसरी प्रत नाही!

नोंदीची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. मे १९७४ च्या संपानंतर कामगारांच्या सर्व्हिस बुकात ‘ब्रेक इन सर्व्हिस’ असा शेरा पडला. एका ओळीने पेन्शन, बढती, सारे धोक्यात आले. तो शेरा डोळ्यांना दिसत होता, म्हणून त्याविरुद्ध लढता आले. उद्या हलवाहलवीत तुमची रुजू होण्याची तारीख चुकली, रजेचा शिल्लक हिशोब गेला, नॉमिनीचे नाव पुसले गेले, तर कळणार कधी? निवृत्तीच्या दिवशी? की घरातली बाई फॅमिली पेन्शनसाठी खिडकीवर उभी राहील तेव्हा?

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत.

१. बदलापूर्वी प्रत्येक कामगाराला त्याच्या नोंदींचा छापील उतारा मिळावा. बदलानंतर ताळा घेऊनच सही मागावी.

२. ताळा पुरा होईपर्यंत जुनी यंत्रणा मोडू नये. परतीची वाट उघडी राहावी.

३. नोंदींची प्रत दुसऱ्या शहरात असावी, आणि त्या प्रतीवरून काम सुरू करून पाहण्याची तालीम ठरावीक काळाने व्हावी. आगीचा बंब नुसता भिंतीला टांगून भागत नाही.

४. यंत्रणा बंद पडल्याची वेळ रजिस्टरमध्ये नोंदवावी. त्या वेळेतील उशीर किंवा तफावत चौकशीविना काउंटरवरच्या माणसाच्या माथी मारू नये.

५. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत आणि समजेल अशा भाषेत व्हावे.

या मागण्या प्रशासन मान्य करील तेव्हा करील. एक काम मात्र आजच आपल्या हातात आहे. या महिन्यात आपापल्या नोंदी उघडा, जन्मतारखेपासून नॉमिनीपर्यंत वाचा आणि छापील प्रत घरी ठेवा. ज्याला मोबाईल जमत नाही, त्या गँगमन बंधूच्या आणि ग्रामीण डाकसेवकाच्या शेजारी बसून त्याच्याही तपासा. चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाखेने त्या अर्जांची यादी ठेवावी.

माल मोजल्याशिवाय पावतीवर सही करायची नाही, हा गुड्स शेडचा जुना नियम. क्लाउडलाही तोच लागू.

कामगार एकजुटीचा विजय असो!