परदेशी पाठवलेल्या जवानाचा हिशेब
(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगाव आणि फौज यांचे नाते आपल्याला नव्याने सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर वर्दीतला एखादा तरी फोटो आहे. म्हणूनच, सैनिकांच्या घरात बोलली जाणारी पण सभेत कधी न निघणारी एक गोष्ट आम्ही आज मांडत आहोत. देशाच्या हुकमाने परदेशी गेलेल्या जवानाला पदक आणि पैसा देताना न्याय होतो का?

इंग्रजी अमदानीत भेदभाव उघड होता. व्हिक्टोरिया क्रॉस 1856 साली सुरू झाला, पण हिंदी शिपायाला त्याची दारे 1911 साली उघडली. पुढे इटलीच्या रणांगणावर यशवंत घाडगे यांना 1944 सालच्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना 1945 सालच्या पराक्रमाबद्दल हा सन्मान मिळाला. दोघेही मराठा पलटणीचे. पदकातला भेद असा मिटला, पगारातला मिटला नाही. त्याच आघाडीवरच्या गोऱ्या शिपायाला आपल्या शिपायाहून जास्त पगार होता.

स्वराज्यात वरच्या पातळीवर न्याय झाला, हे मान्य केले पाहिजे. 1961 साली काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया आणि 1987 साली श्रीलंकेत वीरमरण आलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. प्रश्न आहे तो ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत त्यांचा.

श्रीलंकेचेच पाहा. 29 जुलै 1987 च्या करारानंतर आपली शांतिसेना तिकडे गेली आणि 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी निघाली. या काळात आपले 1,100 हून अधिक जवान गेले. परतणाऱ्या सैन्याच्या स्वागताला मद्रासला त्या राज्याचे मुख्यमंत्रीच आले नाहीत. श्रीलंकेने कोलंबोजवळ आपल्या जवानांचे स्मारक उभारले. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक उभे राहून त्यावर त्यांची नावे कोरली जायला 2019 साल उजाडले. सैन्य पाठवण्याचा निर्णय चूक की बरोबर, हा वाद पुढाऱ्यांनी खुशाल घालावा. जवानाने हुकूम पाळला. त्या वादाची किंमत त्याच्या घराने का मोजावी?

आता पैशाचे बघू. जवान सेवेत असताना नैसर्गिक कारणाने गेला तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. मृत्यू नोकरीमुळे झाला असे ठरले तर 60 टक्के. लढाईतला मृत्यू असेल तर पूर्ण पगाराइतके. संरक्षण मंत्रालयाच्या 2001 सालच्या आदेशाने परदेशातील शांतता मोहिमेतल्या कारवाईत आलेला मृत्यूही युद्धातल्या मृत्यूच्याच वर्गात धरला. हे चांगले झाले. पण यात 'कारवाई' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याच मुलखात, त्याच मोहिमेवर कोणी तापाने गेला किंवा गाडी उलटून गेला, तर प्रकरण दुसऱ्या वर्गात जाऊ शकते. अहवालात कारकुनाने कारण कसे लिहिले यावर वीरपत्नीची भाकरी ठरते. असे वाद मग सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत जातात आणि त्यात विधवांची वर्षे जातात.

काही मंडळी म्हणतील, लढून मेलेल्याचा मान वेगळाच हवा. आम्हालाही ते मान्य आहे. शौर्यपदक पराक्रम पाहूनच द्यावे. पण निवृत्तिवेतन हे पराक्रमाचे बक्षीस नव्हे. "तू जा, घर आम्ही बघतो" असा शब्द देश जवानाला देतो, तो पाळण्याचा तो मार्ग आहे. मरण गोळीने आले की हिवतापाने, त्यावरून दिलेला शब्द लहानमोठा होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी हे एका बाबतीत मान्य केले आहे. पूर्वी शांतिसैनिकाच्या मृत्यूची भरपाई ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्याने ठरत असे, म्हणजे श्रीमंत देशाच्या शिपायाचा जीव महाग आणि गरीब देशाच्याचा स्वस्त. 1997 पासून सर्वांना एकच रक्कम ठरली, तेव्हा ती 50,000 डॉलर होती. पगाराचे मात्र तसे नाही. दरमहा दर सैनिकामागे ठरलेली समान रक्कम सरकारकडे जाते आणि प्रत्येक देश आपापल्या वेतनश्रेणीने शिपायाला देतो. जीवाची किंमत सर्वांना सारखी हे तत्त्व जगाने स्वीकारले असेल, तर आपल्या एकाच पलटणीच्या दोन घरांना ते का लागू नसावे?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. परदेशी मोहिमेवर असताना गेलेल्या प्रत्येक जवानाच्या कुटुंबाला एकाच दराने निवृत्तिवेतन मिळावे. विदेश सेवा पदकासारखी सेवेची पदके स्वयंपाकी आणि ड्रायव्हर यांच्यासह सर्व पात्र जवानांना अर्ज न करता घरपोच मिळावीत.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर आपल्या हातात आहे ते करू. ज्यांच्या घरी श्रीलंकेला, काँगोला किंवा लेबनॉनला गेलेला कोणी असेल, त्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ बाहेर काढावे. पदकांची नोंद आहे का, मृत्यूचे किंवा जखमेचे कारण काय लिहिले आहे, हे वाचून पाहावे. शंका असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे किंवा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी मंडळातले आम्ही बसून लिहून देऊ. कागद मात्र तुम्ही घेऊन या.