मैदानाचा कचरा प्रवेशद्वारीच ठरतो



४ जुलै २०२४ ची रात्र मुंबईकर सहजी विसरणार नाहीत. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून परतलेल्या भारतीय संघाच्या स्वागतासाठी मरीन ड्राइव्हवर जनसागर उसळला, वानखेडे मैदानावर खेळाडूंचा सत्कार झाला. उत्साह ओसरून गर्दी घरी गेली आणि महापालिकेचे सफाई कामगार रस्त्यावर उतरले. सकाळी फिरावयास येणाऱ्यांना रस्ता स्वच्छ मिळावा म्हणून रात्रभर खपून त्यांनी सुमारे ११,५०० किलो कचरा उचलला. त्यात पाण्याच्या बाटल्या होत्या, खाद्यपदार्थांची वेष्टने होती आणि रेटारेटीत पायांतून सुटलेल्या चपला-बुटांचा ढीगही होता.

असा विषय निघाला की जपानचे उदाहरण हटकून दिले जाते, आणि ते यथार्थही आहे. २०२२ साली कतारमधील फुटबॉल विश्वचषकात उद्घाटनाचा सामना कतार आणि इक्वेडोर यांच्यात होता; जपानचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरीही सामना संपल्यावर काही जपानी प्रेक्षक पिशव्या घेऊन रांगा साफ करू लागले. त्याआधी २०१८ मध्ये रशियात बेल्जियमकडून ३-२ असा जिव्हारी लागणारा पराभव पत्करूनही जपानच्या खेळाडूंनी आपली खोली लख्ख करून ठेवली आणि रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवली. शाळेत वर्ग विद्यार्थ्यांनीच झाडायचा, ही तेथील रीत. ते वळण मोठेपणीही सुटत नाही.

परंतु या उदाहरणापाशीच थांबण्यात एक सोय दडलेली आहे. सारा दोष प्रेक्षकांच्या संस्कारांवर टाकला की आयोजक मोकळे होतात. शिवाय झाडलोट आणि पुनर्वापर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रांगा कितीही स्वच्छ झाल्या, तरी पिशवीत रस्सा, कागद, प्लास्टिक एकत्र कोंबलेले असेल तर ती पिशवी अखेर कचराभूमीवरच जाते. कोरडा कागद भंगारवाला तोलून घेतो. रश्शात भिजलेल्या कागदाला कोणी हात लावत नाही.

रस्त्यावर कोण काय घेऊन येईल, हे कोणाच्या हाती नसते. क्रीडागाराचे तसे नाही. १९९६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी बाटल्या भिरकावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. २०१५ मध्ये कटकला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यातही बाटल्यांमुळे खेळ थांबला. अशा प्रकारांनंतर बाटलीच्या बाबतीत प्रवेशद्वारावरील झडती कडक झाली. म्हणजे आत काय जावे, कोणी काय विकावे, कशात घालून विकावे, हे सर्व आयोजकच ठरवतो. सुरक्षेसाठी जे दार इतके चोख राखता येते, ते कचऱ्यासाठी का राखता येऊ नये?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. २०११ पासून तेथे कचराभूमीकडे जाणारा कचरा ९० टक्क्यांनी घटवण्याचे ध्येय ठरवण्यात आले. उपाय साधा होता. सर्वसाधारण कचरापेट्या हटवून खतासाठी एक आणि पुनर्वापरासाठी एक, अशा दोनच प्रकारच्या पेट्या ठेवल्या. पण त्याआधी विक्रेत्यांच्या वस्तू बदलल्या. या दोन पेट्यांत न बसणारी वस्तू विकायचीच नाही, हे मर्म. काही सामन्यांत ते ध्येय ओलांडलेही गेले.

आपल्या देशात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर बंदी आली आणि त्यांची जागा कागदी पेल्याने घेतली. त्या पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून साध्या कागदाच्या लगद्यात तो चालत नाही. (पत्रावळीच्या नावाखाली चकचकीत अस्तराच्या ताटल्या विकल्या जातात, त्यांचीही तीच कथा.) जर्मनीतील अनेक फुटबॉल मैदानांवर यावर तोडगा आहे. पेय टणक, धुऊन पुन्हा वापरण्याजोग्या पेल्यात मिळते. पेल्याची अनामत आगाऊ घेतात, पेला परत केला की पैसे परत. एखाद्याने बाकाखाली टाकलाच, तर दुसरा कोणी तो आनंदाने उचलून नेतो. हॅम्बुर्गमधून सुरू झालेली ‘व्हिवा कॉन अग्वा’ ही संस्था असे पेले देणगी म्हणून स्वीकारते आणि त्या अनामतीतून पाणीपुरवठ्याची कामे करते.

टाकलेल्या बाटलीचे मोल भारतीय क्रिकेटला ठाऊक नाही असेही नाही. २०१५ च्या विश्वचषकासाठी भारतीय संघाचा गणवेश वापरलेल्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचा होता. एका गणवेशाला सरासरी ३३ बाटल्या. बाटली स्वच्छ आणि वेगळी मिळाली तरच असा धागा निघतो. ती वेगळी करणारे हात बहुधा कचरावेचक भगिनींचे असतात, पण सामन्याच्या नियोजनाच्या बैठकीत त्यांना कोणी बोलावत नाही.

गावोगावच्या कबड्डी आणि क्रिकेट स्पर्धांनाही हे लागू पडते. परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक माणसे जमवणाऱ्याने तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागीच वेगळा करून संकलकाकडे सोपवावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बजावले होते. मंडळांना त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पाण्याच्या टाकीला चार नळ, अनामतीवर दिलेले पेले, ते धुण्यासाठी एक जागा, ओल्या-कोरड्यासाठी दोन पिंपे आणि प्रत्येक पिंपापाशी सांगायला उभा असलेला एक कार्यकर्ता एवढी तयारी पुरते. वडापाववाल्याला जागा देताना होणाऱ्या करारात ‘कागदी पेला चालणार नाही’ ही एक ओळ घालावी, आणि ती सामन्याच्या सकाळी नव्हे, तर गाळ्याचे भाडे ठरते त्याच दिवशी.