भुयारी रेल्वेचे मोठेपण
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जगातील सर्वांत मोठी भुयारी रेल्वे कोणती, या प्रश्नाची कोष्टके वर्तमानपत्रांतून अधूनमधून छापून येतात. लांबीच्या हिशेबाने पाहिले तर आज बीजिंग आणि शांघाय ही शहरे अग्रभागी आहेत. दोहोंचेही जाळे ८०० किलोमीटरांच्या पुढे गेले आहे. स्थानकांच्या संख्येत मात्र न्यूयॉर्कही अग्रभागी आहे. तेथे ती ४७२ भरतात. परंतु परस्परांना जोडलेली स्थानके एकच धरली, तर हाच आकडा सव्वाचारशेच्या घरात येतो. त्याच न्यूयॉर्कच्या मार्गांची लांबी सुमारे ४०० किलोमीटर असली, तरी त्यांवर अंथरलेले रूळ मोजले की हिशेब १,००० किलोमीटरांपलीकडे जातो, कारण पुष्कळ मार्गांवर जलद आणि धीम्या गाड्यांसाठी वेगवेगळे रूळ आहेत. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात एकूण ग्रंथसंख्या लिहावी की वाचकांच्या हाती गेलेल्या ग्रंथांची, यावर कार्यकारी मंडळात होणारे वाद ज्यांनी ऐकले असतील, त्यांना या कोष्टकांचे स्वरूप निराळे समजावून सांगायला नको.

टोकियोचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील दोन संस्थांचे भुयारी मार्ग एकत्र केले तरी लांबी ३०० किलोमीटरांच्या आसपासच भरते. पण त्यांपैकी एकाच संस्थेच्या गाड्यांतून दिवसाला सुमारे ६५ लाख लोक प्रवास करतात. शिवाय उपनगरी रेल्वेच्या गाड्या थेट भुयारी मार्गावर येतात आणि प्रवाशाला गाडी न बदलता शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात. ही सोय कोणत्या रकान्यात मांडावी? मुंबईच्या लोकलवर रोज लक्षावधी माणसे जगतात; परंतु ती भुयारी नव्हे, म्हणून या कोष्टकांत तिला जागाच नाही. उलट लंडनच्या ‘अंडरग्राउंड’चा निम्म्याहून अधिक भाग उघड्या आकाशाखाली असून तिचे नाव मात्र अबाधित आहे.

लंडनची ही रेल्वे सर्वांत जुनी. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे सहा किलोमीटरांचा मार्ग जमिनीखालून सुरू झाला. रस्ता उकरायचा, खाली रूळ घालायचे आणि वरून छत घालून तो पुन्हा बुजवायचा, अशी ती पद्धत. गाड्या वाफेच्या, त्यामुळे बोगद्यात धूर कोंडे; तरीही लोक गर्दी करीत. खरी खोल नळी आली ती १८९० साली, विजेच्या गाडीबरोबर. येथे भूगर्भाने आपला शब्द टाकला. थेम्सच्या उत्तरेला घट्ट, पाणी न झिरपणारी चिकणमाती आहे. तिच्यातून बोगदा कोरणे त्या मानाने सोपे. दक्षिणेला वाळू, खडे आणि पाणी. आजही लंडनच्या नकाशात उत्तरेकडे मार्गांचे दाट जाळे आणि दक्षिणेकडे विरळ रेषा दिसतात, त्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण आहे. नकाशा माणसाने काढला असे आपण समजतो. अर्धा तो मातीने काढलेला असतो.

मॉस्कोची रेल्वे १५ मे १९३५ रोजी सुरू झाली. संगमरवर आणि झुंबरे यांनी सजलेली तिची स्थानके राजवाड्यांसारखी आहेत, हे सर्वश्रुत आहे. परंतु महायुद्धात याच खोल स्थानकांत शहरवासीयांनी बाँबहल्ल्यांपासून आसरा घेतला, हे विसरू नये. बीजिंगची पहिली रेषा १९६९ साली तयार झाली, तीही संरक्षणाचा विचार पुढे ठेवून. सामान्य नागरिकाला तिच्यात मुक्त प्रवेश पुढे मिळाला. शांघायने १९९३ साली सुरुवात केली आणि गाळाच्या, पाण्याने फुगलेल्या जमिनीत यंत्रांच्या साह्याने तीन दशकांत एवढे जाळे विणले. हा वेग विलक्षणच म्हणायचा.

आणि आता पेडणे.

हा निर्देश अप्रस्तुत वाटू नये. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. त्यांत रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा सर्वांत लांब; कोष्टकात नाव त्याचेच येते. पण पाषाणात खोदलेल्या त्या लांब बोगद्यापेक्षा अभियंत्यांची अधिक परीक्षा पाहिली ती पेडण्याच्या अवघ्या दीड किलोमीटरांच्या बोगद्याने. आपल्या भागात जांभा वर असतो. तो चिरा म्हणून कापला जातो, वाऱ्याने कठीण होतो. डिचोली तालुक्यातील हरवळ्याची लेणी त्याच जांभ्यात कोरलेली, शतकानुशतके उभी आहेत. परंतु जांभ्याखाली पाण्याने भिजलेली मऊ माती असते. डिचोलीच्या खाणींत खाली खाली गेल्यावर पाणी कसे धावून येते आणि ते पंपांनी सतत उपसावे कसे लागते, हे येथील कुणाही खाणकामगाराला विचारावे. पेडण्याच्या डोंगरात तीच माती होती. खडक फोडणारी आधुनिक यंत्रे तेथे कुचकामी ठरली. थोडे खोदावे, आधार द्यावा, तोवर पुन्हा चिखल आत यावा, असे वर्षानुवर्षे चालले. मार्गावरील अशा मऊ मातीच्या बोगद्यांनी कामगारांचे बळी घेतले. सगळा मार्ग जवळजवळ सिद्ध असताना पेडण्यापाशी तो अडून राहिला, आणि सलग वाहतूक २६ जानेवारी १९९८ रोजीच सुरू होऊ शकली.

तरीही डोंगराने आपला हिशेब मिटवला नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी अतिवृष्टीत बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या मिरज-लोंढ्यामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक पुन्हा थांबली.

ज्या ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे उभी राहिली, त्यांनी १९७०च्या सुमारास कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेच्या आखणीवर काम केले होते, आणि कोकण रेल्वेनंतर ते १९९७ साली दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. कलकत्त्याची गाडी २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली, तीही अवघ्या ३.४ किलोमीटरांवर, रस्ते उकरून ठेवलेल्या त्या शहराने त्यापूर्वी बारा वर्षे कळ सोसली. दिल्लीची २००२ साली सुरू झाली आणि आज भारतात सर्वांत मोठी आहे, जरी तिचा बराचसा भाग खांबांवरून जातो. या दोन राजधान्यांच्या मध्ये, एकाच अभियंत्याच्या चरित्रात, पेडण्याचा डोंगर येतो.

अलीकडचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. कोलकात्यात हुगळीच्या पात्राखालून मार्च २०२४ पासून गाडी धावू लागली, त्याचा योग्य तो गौरव झाला. परंतु त्याच मार्गावर ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजार भागात बोगदा खोदणाऱ्या यंत्राने जमिनीतील पाण्याचा साठा फोडला. वरची जुनी घरे खचली, कोसळली, शेकडो माणसांना अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. नदीखालून जाणे साधले, गल्लीखालून जाणे मात्र सहजासहजी साधले नाही! लांबीच्या रकान्यात या गल्लीची नोंद कोठे करायची?

गोमंतकीयाला हा प्रश्न परका नाही. पेडणे-डिचोलीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली आणि त्यांतील पुष्कळशी गिरगावच्या चाळींत राहिली. त्याच गिरगाव-काळबादेवीखालून कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरांची, २७ स्थानकांची रेषा गेली आहे. मुंबईचा काळा पाषाण बोगद्याला अनुकूल. अडचण होती ती वरच्या अरुंद गल्ल्यांची आणि जुन्या इमारतींची. स्थानकांसाठी काही इमारती पाडाव्या लागणार, हे कळताच २०१५ साली गिरगावकर रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी रेल्वे नको अशी नव्हती. पुनर्वसन येथेच, याच वस्तीत व्हावे, अशी होती. ती रास्तच होती. चाळीतली खोली म्हणजे केवळ चौरस फूट नव्हेत. शाळा, मंडळाचा गणपती, वाचनालय आणि उधारीवर माल देणारा वाणी हे सारे तिच्याबरोबर असते. त्या परिसरातच नव्या इमारती बांधून देण्याचे ठरले, आणि रेषा मात्र टप्प्याटप्प्याने पुरी झाली: पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये, आणि गिरगावातून कफ परेडपर्यंतचा शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये.

३३.५ किलोमीटर म्हणजे शांघायच्या जाळ्याचा विसावा हिस्साही नव्हे. पण पेडण्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस प्रथम आपल्याच डोंगरातल्या त्या ओल्या मातीच्या बोगद्यातून जातो, सकाळी दादरला उतरतो, जिना उतरून जमिनीखाली जातो आणि आजोबा ज्या गल्लीत राहत होते, तिच्याखाली येऊन थांबतो.