पानें टाकून देण्याची विद्या

पत्त्यांचा एखादा नवा खेळ शिकूं पाहणारा मनुष्य बहुधा एकच गोष्ट विचारतो: जिंकावें कसें? ड्रॉ पोकर या अमेरिकन खेळांत त्या प्रश्नाच्या आधीं दुसऱ्या एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें: हातचीं पानें टाकून डावांतून केव्हां बाहेर पडावें? खेळाचे नियम तासाभरांत पाठ होतात. हें दुसरें उत्तर मात्र कित्येकांना जन्मभर सांपडत नाहीं, आणि त्याची किंमत ते मोजीत राहतात.

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मिसिसिपी नदीच्या कांठीं, न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला, वाढीस लागला आणि आगबोटींबरोबर नदीनें वर चढला. आरंभीं तो अवघ्या 20 पानांचा असे. चौघांना पांच-पांच पानें वाटलीं कीं कॅट संपला. पुढें 52 पानें घेण्याची रीत पडली. मग वाटून पानें उरूं लागलीं, आणि हातचीं नकोशीं पानें टाकून उरलेल्यांतून नवीं ओढून घेण्याची सोय झाली. या ओढून घेण्यावरूनच 'ड्रॉ' हें नांव. 1861 ते 1865 या वर्षांतील अमेरिकन यादवी युद्धांत सैनिकांच्या छावण्यांतून खेळाचा प्रसार झाला. त्यानंतर लंडन येथें अमेरिकेचे वकील म्हणून गेलेले रॉबर्ट शेंक यांनीं इंग्रज स्नेहीमंडळींकरितां त्याचे नियम लिहून दिले, व ते पुस्तिकारूपानें छापलेहि गेले.

ज्यांना आपल्याकडील तीन पत्ती ठाऊक आहे त्यांना खेळाची रीत ओळखीची वाटेल. प्रत्येक गड्यानें ठरलेला लहानसा पण मध्यें टाकल्यावर पांच-पांच पानें पालथीं वाटतात. आपापलीं पानें पाहून बोली सुरू होते. एकानें पण लावला कीं पुढल्या गड्याला तीन वाटा मोकळ्या असतात: तेवढीच भर घालून डावांत राहावें, भर वाढवावी, किंवा पानें टाकून द्यावीं. ही फेरी संपली म्हणजे डावांत राहिलेला प्रत्येक गडी नकोशीं पानें टाकून तितकींच नवीं घेतो. मग बोलीची दुसरी फेरी होते. शेवटीं जे उरतात ते पानें उघडतात, आणि ज्याचा हात वरचढ तो मधली रास उचलतो. बाकीच्या सर्वांनीं पानें टाकलीं असल्यास उरलेला एकटा गडी पानें न दाखवितांच जिंकतो.

हातांची प्रतवारी लहरीनें ठरलेली नाहीं. जें दुर्मिळ तें श्रेष्ठ, एवढेंच तिचें तत्त्व. सर्वांत खालीं मोठें पान, मग एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखीं पानें, ओळीनें पांच पानें म्हणजे स्ट्रेट, एकाच जातीचीं पांच पानें म्हणजे फ्लश, तीन सारखीं व एक जोडी म्हणजे फुल हाउस, चार सारखीं, आणि सर्वांत वर एकाच जातीचीं ओळीनें पांच. बावन्न पानांतून पांच पानांचे एकंदर 25,98,960 हात होतात. त्यांपैकीं 13,02,540 हातांत साधी जोडीहि नसते, व 10,98,240 हातांत एकच जोडी असते. फ्लश 5,108, चार सारख्यांचे हात 624, आणि सर्वश्रेष्ठ प्रकारचे हात अवघे 40. म्हणजे वाटलेल्या दर दोन हातांपैकीं एक अगदीं रिकामा निघतो. शिकाऊ गड्यानें हें ध्यानांत ठेवलें, तर रिकामा हात आल्याबद्दल तो दैवाला बोल लावणार नाहीं.

खरी परीक्षा पुढेंच आहे. समजा, हातांत चार बदाम व एक किलवर आलें. किलवर टाकून पांचवा बदाम मिळवावा, असा मोह होतो. न पाहिलेलीं पानें 47. त्यांत बदाम 9, इतर 38. म्हणजे एका यशामागें सुमारें सव्वाचार अपयशें. मध्यें 20 चिंचोक्यांची रास असून डावांत राहण्यास 4 चिंचोके पडत असतील, तर एकास पांच मिळतात, राहणें योग्य. रास 12 चिंचोक्यांचीच असेल, तर एकास तीनच मिळतात. पानें टाकणें योग्य. दुसऱ्या फेरीची बोली निराळी. परंतु आरंभास एवढा हिशेब पुरे. मधलें एकच पान कमी असलेली ओळ, जसें पंजी, छक्की, अठ्ठी व नश्शी हातांत आणि सत्तीची वाट पाहणें, ही आशा तर आणखी महाग आहे: सत्त्या 4, इतर पानें 43.

येथें बहुतेकांचा पाय घसरतो. "आतांपर्यंत इतकें घातलें आहे, तें कसें सोडावें?" असा विचार मनांत येतो. परंतु राशींत पडलेला चिंचोका ज्यानें टाकला त्याचा राहत नाहीं. तो राशीचा होतो. पुढें किती द्यावयाचें आणि त्याबदली किती मिळण्याचा संभव आहे, एवढेंच पाहावयाचें असतें. गेलेल्याच्या पाठीमागें आणखी धाडण्याची ही संवय पत्त्यांपुरती राहत नाहीं. बुडत्या धंद्यांत नवें कर्ज घालणारा हाच हिशेब चुकत असतो.

हुलकावणीचेंहि असेंच आहे. रिकाम्या हातानें मोठी बोली लावणें हा खेळाला लागलेला कलंक नसून त्याचें अंगच आहे. जॉन फॉन नॉयमान व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनीं 1944 सालच्या आपल्या ग्रंथांत पोकरचें गणित मांडून दाखविलें, कीं जो केवळ उत्तम हातावरच बोली वाढवितो त्याची बोली ऐकून सारे जण पानें टाकतात, आणि उत्तम हाताचेंहि त्याला फळ मिळत नाहीं. मात्र हुल क्वचितच द्यावी, आणि ती उघडकीस आल्यास तेथेंच थांबावें.

घरीं शिकतांना पैशांऐवजीं चिंचोके घ्यावे, हें उचितच. परंतु त्यांत एक अडचण आहे: ज्या वस्तूला मोल नाहीं ती गमावण्यास कोणी कचरत नाहीं, आणि मग कोणीच पानें टाकीत नाहीं. यावर सोपा उपाय आहे. प्रत्येकास मोजून 50 चिंचोके द्यावे, उसने देण्याघेण्यास पूर्ण बंदी असावी, आणि ज्याचे संपले त्यानें त्या संध्याकाळपुरतें इतरांचा खेळ पाहत बसावें. मग शेवटच्या दहा चिंचोक्यांना मोल येतें. ज्या घरांत मुलांनीं ते दहा राखून, चार बदाम हातांत असतांहि, निमूटपणें पानें खालीं ठेवलीं, त्या घरांत खेळ नीट शिकविला गेला असें खुशाल समजावें.