वेदनाशामक औषध सुटतांना

मणक्याची शस्त्रक्रिया होऊन एखादा गृहस्थ घरीं परततो. वेदना असह्य असतात. डॉक्टर ट्रॅमॅडॉलच्या गोळ्या लिहून देतात आणि त्यांनीं आराम पडतो. दोन-तीन महिन्यांत गृहस्थ हिंडूंफिरूं लागतो आणि आतां गोळ्यांचें काय काम, म्हणून एके सकाळीं त्या बंद करून टाकतो. त्या रात्रीं त्याला झोंप येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं नाक वाहूं लागतें, हातपाय मोडून येतात, घाम सुटतो, कोणाशीं बोलणेंही नकोसें होतें. घरचीं माणसें म्हणतात, पडसें झालें असेल. शेजारी म्हणतो, गोळ्यांचें व्यसन लागलें. हीं दोन्ही निदानें चुकीचीं असतात.

अफूचा वेदनाशामक गुण माणसाला हजारों वर्षें ठाऊक आहे. जर्मनींत पाडरबोर्न येथील औषधालयांत काम करणाऱ्या सेर्ट्युर्नर नांवाच्या तरुणानें १८०५ च्या सुमारास अफूचें मुख्य सत्त्व वेगळें काढलें, तेंच मॉर्फीन. पुढें १८९८ सालीं हेरॉइन हें खोकल्यावरील निर्धोक औषध म्हणून बाजारांत आलें, आणि तो भ्रम फार काळ टिकला नाहीं. ट्रॅमॅडॉलही बरींच वर्षें सौम्य मानलें जाई. भारत सरकारनें २०१८ सालीं तें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें.

या औषधांना धरून ठेवणारीं स्थानें मेंदूंत आहेत, हें १९७३ सालीं सिद्ध झालें. मेंदू स्वतःही अफूसारखीं द्रव्यें निर्माण करतो, हें १९७५ सालीं ॲबर्डीन येथील ह्यूज व कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. मेंदूच्या खालच्या भागांत शरीराला जागें व सावध ठेवणारें एक लहानसें केंद्र आहे. औषध त्याला दाबून ठेवतें, आणि तें केंद्र त्या दाबाशीं झगडत आपला जोर वाढवीत राहतें. रस्सीखेंचींत एका बाजूनें अचानक दोर सोडला, तर दुसरी बाजू कोलमडते. औषध एकाएकीं थांबलें म्हणजे तसेंच होतें. म्हणून औषधाचे सारे परिणाम येथें उलटे दिसतात. औषधानें बाहुल्या बारीक होत, त्या आतां विस्फारतात. बद्धकोष्ठ होई, तेथें मुरडा व जुलाब होतात. गुंगी येई, तेथें डोळ्याला डोळा लागत नाहीं. जांभया येतात, डोळ्यांतून पाणी गळतें, अंगावर कांटा उभा राहतो, अंथरुणांत पाय स्वस्थ राहत नाहींत.

लवकर ओसरणाऱ्या औषधांच्या बाबतींत हा त्रास शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेस पोंचतो आणि आठवड्या-दहा दिवसांत बहुतांशीं निवळतो. मेथडोन शरीरांत रेंगाळतें. त्याचा त्रास उशिरा सुरू होऊन अधिक दिवस चालतो. ट्रॅमॅडॉल सोडतांना कांहींना याखेरीज विलक्षण भीति वाटते, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित् भासही होतात.

शरीर सावरलें, तरी मन मागें राहतें. चिडचिड, काळजी, उदासीनता हीं कित्येक आठवडे टिकूं शकतात. आवडतें गाणें लागलेलें असतें, नातू मांडीवर येऊन बसतो, पण त्या माणसाला आनंद असा वाटत नाहीं. आणि आपणच निष्ठुर झालों, असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें. याच काळांत वेदनेची जाणीवही तीव्र होते. जुनें दुखणें उलटलें, या समजुतीनें तो पुन्हा गोळी घेतो. घटकाभरांत बरें वाटतें, आणि ती समजूत पक्की होते.

शरीराला सवय होणें निराळें आणि व्यसन निराळें. डॉक्टरांच्या आज्ञेबाहेर एक गोळीही न घेणाऱ्यालासुद्धां सवय जडते. हानि दिसत असूनही हांव आवरत नाहीं, तेव्हां तें व्यसन. आणि त्यालाही उपचार आहेत. हा भेद न कळल्यामुळें रोगी लाजेनें गप्प बसतो आणि एकट्यानेंच औषध तोडूं पाहतो. हेंच खरें संकट होय. एकाएकीं औषध बंद झाल्यामुळें तीव्र त्रास, अनावर वेदना व आत्महत्याही घडल्याचें आढळून आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१९ सालीं तसा इशारा दिला. वर्षभर किंवा अधिक काळ औषध चालू असेल, तर मात्रा महिन्याला शेंकडा १० किंवा त्याहूनही मंद गतीनें उतरविणें बहुधा सोसतें, असें तेथील २०२२ च्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे. थोड्या दिवसांची सवय याहून लवकर सुटते. गति मात्र डॉक्टरांनीं ठरवावी. गर्भवती स्त्रीनें तर त्यांना विचारल्याविना औषध मुळींच थांबवूं नये. क्लोनिडीन हें रक्तदाबावरील औषध त्या उसळलेल्या केंद्राला शांत करतें. व्यसनाच्या बाबतींत ब्युप्रेनॉर्फीन व मेथडोन यांचा उपयोग होतो. औषध कांहीं काळ सुटल्यावर जुनी मोठी मात्रा पुन्हा घेणें मात्र प्राणघातक ठरतें. सहनशक्ति गेलेली असते आणि श्वास मंदावत बंद पडतो.

घरच्या माणसांकडे मोठें काम नाहीं. जुलाब-उलट्यांत पाणी, पेज, मीठ-साखरेचें पाणी देत राहावें. रात्रीं जवळ कोणी असावें. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यांत असाव्यात. जीव नकोसा झाल्याची भाषा कानीं आली, तर त्याच क्षणीं डॉक्टरांना गांठावें. आणि पडलेल्या चेहऱ्याला उपदेश करूं नये. तो गृहस्थ आळशी झालेला नाहीं, बिघडलेलाही नाहीं. त्याचा मेंदू जुना तोल शोधीत आहे, आणि त्याला थोडे दिवस हवे आहेत.