सांगशाकच्या टेकडीवरून दिसलेला जपान

मी महूला राहतो. तीस वर्षं फौजेत काढून कर्नल म्हणून निवृत्त झालो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. वाचलेलं आणि पाहिलेलं तुमच्यापुढे ठेवणार आहे.

१९८७ साली मी कॅप्टन होतो आणि माझी बदली मणिपूरला झाली होती. उखरूलच्या वाटेवर सांगशाक नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या टेकडीवर मार्च १९४४ मध्ये मोठी लढाई झाली. आपल्या बाजूला ५० पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. टेकडीवर पाणी नव्हतं, विमानातून टाकलेली रसद अर्धीअधिक शत्रूच्या हाती पडत होती. तरी पाच दिवस आपली माणसं तिथं टिकली. मी त्या पलटणीचा नव्हतो, पण सातारा-कोल्हापूरकडची पोरं इथं येऊन लढली हे कळल्यावर पाय तिथून हलेनात.

त्या दिवशी दुसराही एक प्रश्न मनात आला. समोरचा जपानी शिपाई इथवर आला कसा? १८५३ साली ज्या देशाकडे स्वतःचं एक आगबोटीचं लढाऊ जहाज नव्हतं, त्याची फौज ९१ वर्षांत ब्रह्मदेश ओलांडून मणिपुरात पोचली होती. आजचं बोलणं त्या ९१ वर्षांबद्दल आहे.

आधी बंद दाराची गोष्ट. १६०३ पासून जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांचं राज्य होतं. सम्राट क्योतोत, पण सत्ता एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला. आपल्याकडच्या मंडळींना हे चटकन कळेल: छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, तसंच काहीसं. शोगुनच्या हाताखाली अडीचशेच्या वर दाइम्यो, म्हणजे जहागीरदार. प्रत्येकाची बायकामुलं एदोत राहायची आणि त्यानं स्वतः आलटून पालटून एदोत हजेरी लावायची. बंडाचा विचार करणाऱ्याचं कुटुंब आधीच ओलीस!

१६३५ साली जपानी माणसाला परदेशी जायला बंदी झाली. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं. उरले डच, त्यांना नागासाकीजवळ देजिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवलं. चिनी व्यापारी येत, कोरियाशी संबंध होते, पण प्रत्येक दारावर पहारा होता. दार बंद असलं तरी एक फट उघडी राहिली. डचांच्या पुस्तकांवरून काही वैद्य आणि अभ्यासक पाश्चात्त्य विद्या शिकत राहिले. १७७४ साली शरीररचनेवरच्या डच ग्रंथाचं जपानी भाषांतर छापून आलं. म्हणून चीनचा अफूच्या युद्धात पराभव झाला, तेव्हा त्याचा अर्थ काय हे जपानात काही जणांना नीट समजलं.

जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार जहाजं घेऊन एदोच्या खाडीत आला. त्यातली दोन वाफेवर चालणारी. पत्र दिलं, उत्तरासाठी परत येतो म्हणाला आणि पुढच्या वर्षी जास्त जहाजं घेऊन आला. मार्च १८५४ मध्ये तह झाला आणि दोन बंदरं उघडली. १८५८ च्या तहानं आणखी बंदरं तर गेलीच, शिवाय परदेशी माणसाचा गुन्हा जपानी न्यायालयात चालणार नाही आणि जकातीचे दर जपाननं एकट्यानं ठरवायचे नाहीत, अशा अटी आल्या.

सात्सुमा आणि चोशू या दोन जहागिरींनी आधी परकीयांना हुसकावून लावायचा पवित्रा घेतला. १८६३ आणि १८६४ साली त्यांच्या किनाऱ्यांवर परदेशी तोफा धडाडल्या. त्यांनी त्यातून जे शिकायचं ते लगेच शिकलं. त्याच चोशूची पाच तरुण पोरं चोरून लंडनला शिकायला गेली होती. त्यातला एक, इतो हिरोबुमी, पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. या दोन जहागिरींनी हातमिळवणी केली आणि १८६८ साली शोगुनशाही संपली. सम्राट मेइजीच्या नावानं नवं सरकार आलं.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मग आपण म्हणतो, जपाननं रेल्वे आणली, शाळा काढल्या, कारखाने काढले. खरंच आहे. १८७२ मध्ये तोक्यो ते योकोहामा रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी शिक्षणाचा कायदा आला. पण बंदुका आणि इंजिनं पैसे टाकले की मिळतात. अवघड काम वेगळंच होतं, आणि फौजी माणूस म्हणून मला तेच सगळ्यात जास्त भिडतं.

ऑगस्ट १८७१ मध्ये सरकारनं तोक्योत हजर असलेल्या दाइम्योंना बोलावलं आणि जहागिरी रद्द झाल्याचा हुकूम वाचून दाखवला. पाठीशी सुमारे दहा हजार सैनिक तयार ठेवले होते. त्याचबरोबर दाइम्योंची कर्जं सरकारनं अंगावर घेतली आणि उत्पन्नाचा एक हिस्सा त्यांना ठेवला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात थैली. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे बंद झाले ते बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ साली.

मग पाळी आली सामुराईंची. ही लढवय्यांची पिढीजात जात, घरच्यांसकट लोकसंख्येच्या साधारण सहा टक्के. कमरेला दोन तलवारी आणि घरी बसून तांदळाचा तनखा. सरकारी महसुलाचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातच जायचा. जानेवारी १८७३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला: शेतकऱ्याचा मुलगाही सैनिक होणार. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी झाली आणि तनख्याच्या जागी सरकारी रोखे हातात आले. आणि हे सगळं करणारे कोण? ओकुबो, किदो, यामागाता, सगळे सामुराईच! त्यांनी आपल्याच जातीची भाकर काढून घेतली.

शेतकरी तरी खूश होता का? मुळीच नाही. भरतीच्या जाहीरनाम्यात ‘रक्ताचा कर’ असा शब्द होता. लोकांना वाटलं, सरकार खरंच रक्त काढणार. ठिकठिकाणी दंगे झाले. तोमिओकाच्या रेशीम कारखान्यात फ्रेंच तज्ज्ञ आले, तर ते रक्त पितात अशी अफवा उठली. पीत होते ते लाल द्राक्षाची दारू! मुली कामाला येईनात, तेव्हा अधिकाऱ्यांनी आणि सामुराई घराण्यांनी आपल्या मुली पाठवल्या.

मी हसून सांगतोय, पण तनखा आणि मान गेल्याचं दुःख मला समजतं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा बँकेत गेलो. रांगेत उभा होतो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “काका, टोकन घेतलंत का?” तीस वर्षं ‘साहेब’ ऐकलेल्या कानांना तो ‘काका’ पचायला सहा महिने लागले. तिची काहीच चूक नव्हती. माझं पेन्शन तरी सुरू होतं. लाखो सामुराईंचं उत्पन्न आणि ओळख, दोन्ही पाच-सहा वर्षांत गेलं. कोणी पोलीस झाले, कोणी शिक्षक, कोणी धंद्यात बुडाले.

आणि काहींनी बंड केलं. सगळ्यात मोठं बंड १८७७ मध्ये, साइगो ताकामोरीच्या नावानं. हा साधा माणूस नव्हता. शोगुनशाही पाडणाऱ्यांतला तो एक, जहागिरी रद्द करताना पाठीशी उभं केलेलं सैन्यही त्याच्याच बळावर जमलेलं. कुमामोतोच्या किल्ल्याला त्याच्या लोकांनी वेढा घातला. आत होती नव्या भरतीची शिबंदी, बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. सामुराईंना वाटलं, ही काय लढणार! पण किल्ला पडला नाही. ताबारुझाकाच्या चढावर पावसात दोन आठवड्यांहून जास्त लढाई चालली. भिजल्यावर जुन्या बंदुका नीट चालेनात, सरकारी सैन्याकडे मागून भरायच्या बंदुका होत्या, मागे तारायंत्र आणि आगबोटी होत्या. सरकारच्या बाजूनं जुने सामुराईही पोलीस म्हणून लढले, हेही खरं. पण सप्टेंबरमध्ये साइगो मेला तेव्हा एक गोष्ट ठरून गेली: शौर्य ही कुठल्या एका जातीची मिरास नाही.

हा जपानचा खरा विजय, असं मी मानतो. आता चूक सांगतो.

१८७८ मध्ये सम्राटाच्या रक्षक दलातल्या तोफखान्यानं पगारावरून बंड केलं. पन्नासहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षाअखेर यामागातानं सैन्याचं मुख्यालय मंत्रिमंडळापासून वेगळं काढून थेट सम्राटाच्या हाताखाली नेलं. हेतू चांगला वाटतो: फौज राजकारणापासून दूर राहावी. १८८२ मध्ये सम्राटाच्या नावानं सैनिकांना बजावलं गेलं, राजकारणात पडू नका. १८८९ च्या राज्यघटनेनं सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व सम्राटाला दिलं. पण सम्राट रोजचे हुकूम देत नसे. म्हणजे व्यवहारात सैन्याला जाब विचारणारा कोणी उरला नाही.

१९०० साली नियम आला की युद्धमंत्री सेवेतला जनरलच हवा. १९१२ मध्ये मंत्रिमंडळानं दोन नव्या डिव्हिजन नाकारल्या, तर युद्धमंत्र्यानं राजीनामा दिला. सैन्यानं दुसरा माणूस दिला नाही. सरकार पडलं! १९३१ मध्ये मांचुरियातल्या सैन्यानं मुकदेनजवळ स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि तोक्योला न विचारता मुलूख घेतला. १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना घरात घुसून मारलं.

जुलै १९३७ मध्ये बीजिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी चीनशी युद्धाची ठिणगी पडली. तिथल्या जपानी रेजिमेंटचा प्रमुख होता मुतागुची रेन्या. सात वर्षांनी हाच मुतागुची इंफाळच्या मोहिमेचा सेनापती होता. माणसांजवळ सुमारे तीन आठवड्यांचा शिधा दिला आणि इंफाळ घेऊन तिथलं खा म्हणाला. सुमारे तीस हजार जपानी मेले, त्यातले कितीतरी भुकेनं आणि रोगानं. सांगशाकच्या टेकडीवर जे आले ते सक्तीच्या भरतीनं आलेले शेतकऱ्यांचे नातू-पणतू होते.

शेवटी माझी एक कबुली. त्याच मणिपूरच्या मुक्कामात, मेसमध्ये, मी म्हणालो होतो, “एक वर्ष देश फौजेकडे द्या, सगळं सरळ करून दाखवू.” सगळे हसले. आमचे सीओसाहेब हसले नाहीत. म्हणाले, “सरळ नाही झालं, तर तुला घरी कोण पाठवणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जपानकडेही नव्हतं. १९४५ साली ते काम दुसऱ्यांनी केलं.

आजही व्हॉट्सॲपवर तसले संदेश येतात, कधी माझ्याच वर्गमित्रांकडून. ते मी पुढे पाठवत नाही. बँकेतल्या त्या मुलीनं मला काका म्हणावं आणि रांगेत उभं करावं, हेच बरं आहे.

जय हिंद.